अष्टमीच्या भरतीतला सामना

रत्नागिरीच्या एका शाळेत मी भूगोल आणि ड्रिल शिकवत असे. हे दोन विषय एकाच माणसाच्या गळ्यात का, असं कुणी विचारलं तर आमचे हेडमास्तर सांगत, की दोन्हींसाठी उन्हात उभं राहायची सवय लागते. फुटबॉल मात्र मी स्वतःहून अंगावर घेतला होता, त्यामुळे त्याबद्दल तक्रार करायची सोय नव्हती. एकोणीसशे तिसाच्या आगेमागेची ही गोष्ट. मुंबईला शिकत असताना मी हा खेळ शिकलो, पलटणीतल्या गोऱ्यांचे सामने कुंपणाबाहेर उभं राहून बघितले, आणि परत येताना एक खूळ डोक्यात घेऊन आलो. आपल्या पोरांतून असा संघ उभा करायचा, की त्यातला कुठलाही गडी कुठेही उभा केला तरी चालला पाहिजे.

खूळ आणलं, पण मैदान कुठून आणणार? शाळेभोवती सगळा जांभ्या दगडाचा सडा. त्यावर अनवाणी खेळायचं म्हणजे घरी जाताना पायाची सालटी हातात घेऊन जायचं. खालचे भाताचे मळे पावसात चिखलाचे, आणि कापणी झाली की लगेच त्यात कुळीथ नाहीतर पावटा. राहिली मांडवीची काळी पुळण. ओहोटी लागली की पाणी मागे सरकतं आणि ओली वाळू अशी घट्ट बसते, की टाच रुतत नाही. आम्ही तिथे बांबूचे खांब रोवायचो, वर काथ्याची दोरी ताणायचो, काठीने वाळूत रेघा मारायचो, की झालं मैदान. खेळ संपला की समुद्र येऊन रेघा पुसून टाकी. झाडलोटीचा प्रश्न नव्हता.

फक्त आमचा सराव घड्याळाप्रमाणे होत नसे, तिथीप्रमाणे होई. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास भरती असते, म्हणजे संध्याकाळी पुळण मोकळी. मग रोज भरती थोडी थोडी पुढे सरकते आणि अष्टमीला ऐन संध्याकाळी पाणी वर चढतं. किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. मी फळ्यावर सरावाची वेळ लिहीत असे तेव्हा शेजारी तिथी लिहीत असे, आणि मुसलमान मुलं त्यावरून आपला चांद मोजून घेत. तिथी आमची, चांद त्यांचा, समुद्राला दोन्ही सारखेच. हेडमास्तर घाटावरचे होते. ते म्हणत, "मुहूर्त बघून चेंडू मारणारी शाळा मी इथेच पाहिली." मी हसून सोडून देई. हेडमास्तरांच्या विनोदाला हसणं हा नोकरीचाच भाग होता.

आता पोरं निवडायची कशी? इतर शाळांत चेंडू देत आणि जो जोरात लाथ मारेल त्याला घेत. लाथ गाढवही मारतं. मी पावसाळ्यात शाळेच्या वाटेवरच्या साकवापाशी जाऊन उभा राहायचो. साकव म्हणजे ओढ्यावर टाकलेली दोन-तीन खोडं, शेवाळाने निसरडी झालेली. बहुतेक मुलं पायाकडे बघत, जपून पलीकडे जात. एखादा मात्र समोर बघत, शेजाऱ्याशी बोलत चालून जाई, पाय आपले आपण जागा शोधत. त्याचं नाव मी विचारून ठेवी. ज्याला पायाकडे बघावं लागत नाही त्याचे डोळे मैदानाला मोकळे राहतात, एवढं साधं माझं गणित होतं. आट्यापाट्या खेळताना कोण पाटीवरच्या गड्याला झुकांडी देतो ते बघायचो. आणि हरल्यावर कोण काय करतो तेही बघायचो. चिडणारं पोर मला चालत असे. रुसणारं अजिबात नाही. चिडलेला उद्या येतो, रुसलेल्याला बोलावून आणावं लागतं.

निवडलेल्यांच्या मागे मग मी हात धुऊन लागे. आमच्या मुलांचा डावा पाय म्हणजे नुसता उभं राहायला दिलेला. तो कामाला लावायचा कसा, या विवंचनेत मी होतो, तेव्हा सावर्ड्याकडून शिकायला आलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने वाट दाखवली. त्यांच्या वाडीत गणपतीत जाखडी नाचत, पायात चाळ बांधून. तो सुट्टीहून येताना चाळ पिशवीत घेऊन आला होता. मी तो प्रत्येकाच्या डाव्या पायात पाळीपाळीने बांधायला लावला. चाळ वाजला नाही तर पाय झोपला. मला बघायचीसुद्धा गरज नव्हती, कान पुरत. बंदरावरचे हमाल विचारत, मास्तर नाच बसवताय की काय. त्या मुलाला सगळे तेव्हापासून चाळवाला म्हणू लागले.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे पाळी. हिच्यावरून मला सगळ्यांच्या शिव्या खाव्या लागल्या. आमच्या गावी देवळात दिवा लावायची पाळी घराघरांतून फिरते. खोताचं घर असो की कुणाचं, आपल्या दिवशी दिवा आपण लावायचा, सबब चालत नाही. ज्या घराला कुलूप आहे, माणसं मुंबईला गिरणीत, त्यांची पाळी आली की शेजारचं घर त्यांच्या नावाने दिवा लावतं. दिवा चुकत नाही आणि पाळीही मोडत नाही. तेच मी मैदानावर आणलं. दर शनिवारी प्रत्येकाने एक जागा पुढे सरकायचं. आज मागे असलेला पुढच्या शनिवारी मध्ये, मधला पुढे, पुढचा बाजूला, आणि फिरत फिरत प्रत्येकाच्या वाट्याला गोल यायचा. गोलातून सुटला की पुन्हा पुढची फळी. सामना शनिवारी आला तर सामन्यातही तीच पाळी. पोरं कुरकुरत. गोल म्हणजे त्यांना शिक्षा वाटे. मी सांगे, दुसऱ्याच्या जागेवर उभं राहिल्याशिवाय त्याला चेंडू कुठे हवाय हे तुम्हाला सात जन्मांत कळणार नाही.

या सगळ्यांत एक मुलगा असा होता, की त्याला बघून मला रात्री झोपताना बरं वाटे. खाडीपलीकडच्या मुसलमान वस्तीतून तो रोज तरीतून, म्हणजे उतारूंच्या होडीतून, शाळेला येई. त्याचा बाप मोठ्या आगबोटीवर सारंग होता. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. बाप वर्ष-वर्ष घरी नसे. मुलगा पुढच्या फळीत खेळायला लागला की समोरच्यांची दाणादाण. उजवा पाय देवाने दिलेला, डावा मी चाळ बांधून मिळवलेला, दोन्ही सारखे. पण तोंडात मिठाची गुळणी. मैदानावर एक शब्द बोलत नसे. चेंडू हवा असला तरी मागत नसे, नुसता बघत उभा राही.

पहिल्यांदा त्याची गोलात पाळी आली तेव्हा तो मयताला आल्यासारखा दोन्ही हात बांधून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांदेखत दोन गोल गेले. मी जवळ जाऊन म्हटलं, "अरे, सगळं मैदान दिसतं असा इथे तू एकटाच. बाकीच्यांना पुढचं दिसतं, पाठीमागचं दिसत नाही. तुला दिसतंय ते त्यांना सांग. गोलातल्याने बोलायचं असतं." तो खाली बघून म्हणाला, "सर, मला ओरडता येत नाय." मी म्हटलं, "तरीवाल्याला पलीकडच्या काठावरून हाक कशी मारतोस?" तर म्हणे, ती वेगळी. मी म्हटलं, तीच मार.

ती हाक बाहेर पडायला दोन पावसाळे गेले. पण पडली तेव्हा अशी पडली, की वरच्या आळीतली माणसं खिडकीत आली. "डावीकडे बघ. मागे माणूस आहे. सोड, मला दे." थोडेच शब्द, पण ज्याला सांगायचं त्यालाच आणि वेळेवर. हळूहळू पोरं त्याच्या आवाजावर खेळायला लागली. पुढच्या फळीत असला तरी तो बोलू लागला. मला वाटलं, आपण म्हणत होतो तो पुरा खेळाडू हाच. अजून एक वर्ष, मग तो मॅट्रिक होईल, मुंबईला कॉलेजात जाईल, तिथल्या मोठ्या संघांत खेळेल. मी मनात त्याचं सगळं ठरवून टाकलं होतं. दुसऱ्याच्या पोराचं ठरवायला खर्च लागत नाही.

दिवाळी झाली आणि त्याचा बाप रजेवर आला. एक दिवस शाळा सुटताना फाटकापाशी उभा होता. उंच, काळी गोंड्याची टोपी, अंगात चांगला कोट, पायात मात्र काही नाही. मला सलाम करून म्हणाला, "मास्तर, पोराला न्यायला आलोय. माज्या बोटीवर एक जागा हाय. आता नाय नेला तर मग जागा मिलायची नाय."

मी सांगितलं, मुलगा हुशार आहे, पुढच्या वर्षी मॅट्रिकला बसेल, एवढं वर्ष थांबा. भूगोलात तर तो पहिला येतो. बाप हसला. "भूगोल मी त्याला दाखवतो की, मास्तर."

मी हट्ट सोडला नाही. म्हटलं, या शनिवारी चिपळूणच्या एका शाळेशी आमचा सामना आहे. तुमचं पोर बघायला या. तुम्ही गेलात तेव्हा तो लहान होता. आता कसा झालाय ते बघा आणि मग ठरवा. त्याने थोडा विचार केला. म्हणाला, "बगतो. बगून सांगतो. पोर कसला हाय त्यावर." एवढ्यावर मी आनंदात घरी आलो. मला वाटलं, अर्धी लढाई जिंकली.

दुसऱ्या दिवशी मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, मला शाळा सोडायची नाय. ती बंदरं मला नकाशातच बरी वाटतात. बापान सांगितलान हाय, सामना बघून ठरवीन. पण शनिवारी माझी पाळी गोलात हाय."

ते मला माहीत होतं. पाळी मीच लावली होती.

"एकदाच बदला, सर. मला पुढे घ्या. मी गोल मारून दाखवतो त्याला."

मी नाही म्हणालो. चाळवाला आपणहून म्हणाला, मी त्याच्या जागी उभा राहतो, तरी मी नाही म्हणालो. हेडमास्तरांच्या कानावर गेलं, त्यांनी बोलावून समजावलं, "अहो, नियम मुलांसाठी असतो." मी म्हटलं, देवळात खोतासाठी पाळी बदलत नाहीत, मी सारंगासाठीही बदलणार नाही. आज याच्या बापासाठी बदलली तर उद्या सगळ्यांचे बाप येतील. शिवाय मला मनापासून वाटत होतं, की पुढे धावून गोल मारणारी पोरं बापाने बंदरोबंदर बघितली असतील. हा काय आहे ते गोलातूनच दिसेल. बापाला त्याचं डोकं दिसू दे. ते दिसलं की असं डोकं बोटीवर फुकट घालवायला त्याचा जीव धजणार नाही. असा माझा हिशेब होता.

सामना मी पौर्णिमेचा शनिवार बघून ठरवला होता, म्हणजे संध्याकाळी ओहोटी. पण चिपळूणकरांनी ऐनवेळी कळवलं, की या शनिवारी जमत नाही, पुढच्या शनिवारी येतो. हेडमास्तरांनी मला न विचारता होकार देऊन टाकला. पौर्णिमेनंतरचा पुढचा शनिवार म्हणजे अष्टमी. मी कपाळाला हात लावला. पाळीही एका जागेने पुढे सरकायला हवी होती, पण सामन्याचाच शनिवार पुढे गेला, मोकळ्या पडलेल्या शनिवारी हेडमास्तरांनी मुलांची परीक्षा लावली, सराव झाला नाही, म्हणून पाळी आहे तशी राहिली. मुलाने एकदा माझ्याकडे आशेने बघितलं. मी फळ्यावर तीच नावं लिहिली.

चिपळूणची मंडळी सर्व्हिस मोटारीने दुपारी आली. पायात कॅनव्हासचे बूट बघून आमची पोरं थोडी दबली. मी त्यांच्या मास्तरांना सांगितलं, लवकर सुरू करू, पाणी चढायचंय. ते म्हणाले, "जेवून थोडं पडू दे की पोरांना. समुद्र काय पळून जातोय?" समुद्र पळून जात नाही, तो अंगावर येतो, हे त्यांना कसं सांगायचं ते मला कळेना. वाशिष्ठीच्या पुरात दरवर्षी भिजणारी माणसं ही, पण पूर पावसाने येतो. भरतीला पाऊस लागत नाही.

खेळ सुरू झाला तेव्हा मैदान पुरतं होतं. पुळणीवर बरीच माणसं जमली होती, आणि वर ओढलेल्या एका पडावाला, म्हणजे माल-माणसं नेणाऱ्या मोठ्या होडीला, टेकून सारंग उभा होता, हाताची घडी घालून. पहिल्या डावात चिपळूणकरांनी आम्हाला पळवलं. त्यांचा एक गडी समुद्राच्या बाजूने वाऱ्यासारखा धावे. त्याने एक गोल केला. आमच्या मुलाचे हात चेंडूला लागले होते, पण खाऱ्या पाण्याने चामडं फुटू नये म्हणून उंडीच्या बियांचं तेल चोपडून चोपडून आमचा चेंडू इतका बुळबुळीत झालेला, की निसटून आत गेला. मी पडावाकडे बघायचं टाळलं.

दुसरा डाव सुरू झाला आणि समुद्राकडची रेघ गेली. पंच चिपळूणचेच होते. त्यांनी शिट्टी वाजवून मला विचारलं, आता बाहेर कुठून धरायचं? मी म्हटलं, जिथे चेंडू पोहायला लागेल तिथून. सगळे हसले आणि खेळ तसाच पुढे गेला.

मग मैदान अरुंद होत चाललं. चिपळूणचा धावणारा गडी सवयीने पाण्याच्या बाजूला जाई आणि घोट्याएवढ्या पाण्यात त्याचे बूट भिजून जड होत. आणि तेव्हा गोलातून हाक आली. "वर घ्या! पाणी येतंय, वर घ्या!" आमची पोरं चेंडू घेऊन कोरड्या बाजूला सरकली. तो पोरगा गोलात उभा राहून एक डोळा खेळावर आणि एक लाटांवर ठेवून होता. लहान लाटा चार येतात आणि मग एक मोठी येते, हे त्याला उपजत ठाऊक. मोठी यायच्या आधी तो ओरडे, "सोडा!" आमची पोरं चेंडू तिथेच सोडून मागे होत, चिपळूणकर चेंडूवर तुटून पडत, आणि लाट त्यांना गुडघ्यापर्यंत भिजवून चेंडू आमच्या पायाशी आणून टाकी. चाळवाल्याने असा आलेला चेंडू डाव्या पायाने दोरीखालून मारला. डाव्या पायाने! मी नाचलो असेन, मला आठवत नाही.

शेवटी शेवटी मैदान म्हणजे एक पट्टी उरली होती. धावायला जागा नाही, जोराची लाथ मारायला जागा नाही, नुसतं जवळच्याला द्यायचं आणि पुढे सरकायचं. दोन पाय ज्याला आहेत त्याचाच हा खेळ. आणि सगळे त्या एका आवाजावर चालत होते. दुसरा गोल कुणी मारला हे पोरं अजून भांडून सांगतील, कारण पाण्यातून, चार पायांतून तो गेला. आम्ही जिंकलो. पंचांनी शिट्टी वाजवली तेव्हा गोलातला मुलगा मांड्यांपर्यंत पाण्यात उभा होता आणि बांबू वाहून जाऊ नये म्हणून त्याने तो धरून ठेवला होता.

मी सारंगाकडे चालत गेलो. मला वाटलं, आता बोलायचीही गरज नाही. त्याचे डोळे भरलेले होते. त्याने माझे दोन्ही हात धरले.

"मास्तर, तुमी माज्या पोराला काय केलाव! गोलात उभा ऱ्हायला, पन सगला खेल त्यानंच चालवलान. पानी कधी येतंय, मानूस कुठं हाय, कुनाला काय सांगायचं. असा आवाज सारंगाला ईस वरसांनी येतो, मास्तर. तो याला आताच हाय."

मी म्हटलं, "म्हणजे मॅट्रिकपर्यंत राहू द्या त्याला."

"आता कसा ठेवू?" त्याला माझं म्हणणंच कळेना. "नुसता धावताना, लाथा मारताना दिसला असता तर म्हटला असता, अजून पोर हाय, खेलू दे वरसभर. पन हा तयार हाय. तयार मानूस शालेत बसवून काय करू? तुमीच तयार केलाव त्याला."

मी पुष्कळ बोललो. रागावून बोललो, हेडमास्तरांनाही बोलवून आणलं. सारंग मान हलवत ऐकत राहिला, पुन्हा पुन्हा माझे आभार मानत राहिला. त्या आभारांनी माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मुलगा ओल्या कपड्यांनी आमच्यामागे उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने ना बापाकडे बघितलं, ना माझ्याकडे. चेंडू काखेत घेऊन तो त्यावरची वाळू बोटाने पुसत राहिला.

पुढच्या आठवड्यात मुंबईच्या आगबोटीने दोघे गेले. मी बंदरावर गेलो होतो. सगळी पोरं आली होती. आगबोट खोल पाण्यात उभी राहते आणि तिच्यापर्यंत पडावाने जावं लागतं. पडावात चढण्याआधी मुलगा माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला धरलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पत्र टाक हो, पोचलास की." तो म्हणाला, "सर, पुढच्या खेपेला माझी पाळी पुढच्या फळीत होती." एवढं बोलून तो पडावात चढला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी चुकलो, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पाळी ती पाळीच, आणि तो खेळाडू पुरा व्हायचा तर गोलातूनच व्हायचा. पण वाईट वाटलं, आणि ते गेलं नाही. पोरं तयार करणाऱ्याने ती कुणासाठी तयार होताहेत याचा विचार करावा की नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. हेडमास्तर पहिल्यांदाच विनोद न करता माझ्या खोलीत येऊन बसले आणि चहा पिऊन गेले.

त्याच्या जागी मी नवा मुलगा घेतला नाही. पोरांनीच घेऊ दिला नाही. पाळी फिरत राहिली आणि त्याचं नाव फळ्यावर तसंच सरकत राहिलं. ज्या जागी ते येई तिथे शेजारचा दोघांचं काम करी, कुलूप लावलेल्या घरासारखं. मग एका शनिवारी ते फिरत फिरत पुन्हा गोलात आलं. फळ्यापाशी पोरं घुटमळली. गोलात शेजारी उभा करून भागत नाही, तिथे माणूसच लागतो. ज्या पोरांनी या पाळीला इतकी वर्षं नावं ठेवली, त्यांतला एकही म्हणाला नाही, की हे नाव आता खोडा. मी कोट काढून खुंटीला लावला आणि म्हटलं, "चला, त्याच्या नावाने आज मी उभा राहतो."

पौर्णिमा होती. पुळण लांबवर मोकळी पडली होती. मी दोन बांबूंच्या मध्ये उभा राहिलो, आणि तिथून खरंच सगळं मैदान दिसत होतं. पोरांना शिकवत होतो तेव्हा मी स्वतः तिथे कधी उभा राहिलो नव्हतो. खेळ सुरू झाला. चेंडू इकडून तिकडे जात होता, कोण मोकळा आहे, कुणाच्या पाठीमागे माणूस आहे, सगळं दिसत होतं, आणि मी दोन्ही हात बांधून नुसता बघत होतो. चाळवाला मध्ये थांबला आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळला.

"सर, बोला ना. गोलातल्यानं बोलायचं असतं. तुमीच सांगितलाव ना?"

मी ओरडलो, "वर घ्या! पाणी येतंय, वर घ्या!"

ओहोटी होती. पाणी पार लांब होतं. पण कुणी हसलं नाही. सगळी पोरं चेंडू घेऊन वर सरकली.